पोटातून की पाठीतून

आईच्या कमरेतले खालचे दोन मणके स्क्रूंनी एकमेकांना जोडायचे, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत होतं. आत शिरायचं कुठून, यावर नव्हतं. बोरिवलीचे म्हणाले, पाठीतून. अंधेरीचे म्हणाले, पोटातून, म्हणजे पाठीचे स्नायू शाबूत राहतात.

सिल्व्हर पार्कला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. आई प्रत्येक वळणावर थांबायची, मी एक्स-रेची पिशवी धरून मागे. बाबांचं एकच, "तू इंग्लिश मीडियमची ना, तूच समजून घे." सायबर कॅफेतून ऑपरेशनच्या माहितीचे कागद छापून आणले, वहीत दोन रकाने केले. पाठीतून: स्नायू ओढून बाजूला करतात, दुखणं जास्त दिवस, नसा जवळ. पोटातून: मोठ्या रक्तवाहिन्या वाटेत, आणखी एक सर्जन लागतो. वर्षभराने फारसा फरक उरत नाही, असं दोघेही डॉक्टर म्हणाले होते. ते कुठल्या रकान्यात लिहावं, कळेना.

नवघरची मावशी वही बघून म्हणाली, "पाठ दुखतेय आणि पोट कापणार? पुण्याला जायला सुरतवरून!" आई हसली आणि हसता हसता कमर धरून बसली.

पुढच्या खेपेला बोरिवलीच्या डॉक्टरांनी मला इंग्रजीत बरंच समजावलं. त्यांना मराठी येत नव्हती. नसेला धक्का लागला तर पाऊल कायमचं लुळं पडू शकतं. क्वचित, पण पडू शकतं. मी आईला म्हटलं, "थोडी रिस्क असते म्हणतायत."

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "ते एवढं बोलले, तू एवढंसंच सांगितलंस?"

मग मी लुळ्या पावलाचंही सांगितलं.

तिने विचारलं, "आणि पोटातून?"

"तुझं सिझेरियन झालंय ना माझ्या वेळी. जुन्या टाक्यांमुळे अवघड जाईल म्हणतात."

"मग पाठीतूनच. पण परत असं गाळायचं नाही. पाय माझा आहे."

अ‍ॅडमिट झाली त्या दिवशी संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता, चार पानं. मी पलंगाच्या कडेला बसून सगळा मराठीत सांगितला. जिथे शब्द सुचेना, तिथे तिच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं. लुळ्या पावलाचं वाक्य आलं तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"पुढे वाच," ती म्हणाली.

शेवटच्या पानावर तिने सावकाश सही केली.