बाप्पाचा उंदीर
कापराचा वास आला की बंगळुरूला मारतहळ्ळीतल्या आमच्या सोसायटीची ती गणपतीची आरती आठवते. माझी ऑटिस्टिक लेक तेव्हा सहा वर्षांची होती. आनंद झाला की ती हात फडफडवायची आणि लोक बघत राहायचे, म्हणून मी एक गोष्ट रचली होती: एका मुलीनं हात हलवले आणि बाप्पाचा उंदीर घाबरून पळाला. त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि ही सतरंजीवर हात मांडीखाली दाबून बसलेली. शेजारच्या अक्का म्हणाल्या, “किती शांत झाली हो!” मी सुखावले. मग तिच्या कानात म्हटलं, “आता वाजव टाळ्या.” ती घाबरून म्हणाली, “उंदीर पळेल.” आज ती एकोणीस वर्षांची आहे. गोष्ट खोटी होती, हे तिला शंभरदा सांगून झालंय. तरी आनंद झाला की तिचे हात आधी मांडीखाली जातात.