फक्त जागा बदलली आहे

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी घरी बसून असं एक काम करत होतो, जे गल्लीत कुणालाच समजावून सांगता येत नव्हतं. शेजारी विचारायचे, "दिवसभर काय करून राहिलास?" मी म्हणायचो, कॉम्प्युटरचं. ते मान हलवायचे. लातुरात धडधाकट माणूस घरी बसला तर तो क्लास घेतो, नाहीतर परीक्षेची तयारी करतो. मी दोन्ही करत नव्हतो, म्हणजे माझी नोकरी गेली असणार, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यात फारसं खोटं नव्हतं. मी ती सोडली होती एवढाच फरक, आणि तो फरक मला सोडून कुणालाच महत्त्वाचा वाटत नव्हता.

सोडली ती बाबांसाठी. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. हात काही महिन्यांनी थोडा परत आला, पाय आला नाही, काठीवर भार देऊन ते तो ओढत चालायचे. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. ताई नांदेडला, तिच्या नवऱ्याची नोकरी तिथली. ती म्हणाली, बाबांना माझ्याकडे सोड आणि तू बेंगळुरूला परत जा. बाबा म्हणाले, "तिथं मी पाव्हणा हाय. हितं मी घरात हाय." विषय तिथंच संपला, आणि मी राजीनामा पाठवून दिला.

आता घरी बसून पोट भरेल असं काम हवं होतं. परदेशातली एक कंपनी कर्नलचं काम करणारी माणसं घरूनच कामाला घ्यायची. कर्नल म्हणजे संगणकाच्या तळाशी चालणारा मूळ प्रोग्राम, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे चालतात. हा कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. बदल सुचवायचा तर तो पॅच म्हणून सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर पाठवायचा, जाणती माणसं तो तपासतात, पटला तर घेतात. कंपनीचा माणूस फोनवर स्पष्ट बोलला. तुझं एक मोठं काम तिथं स्वीकारलं जाऊ दे, मग नोकरी पक्की. म्हणजे काम स्वीकारलं तर मी लातुरात आणि बाबा त्यांच्या घरात. नाही तर मी बेंगळुरू, बाबा नांदेड. इतका सरळ मामला होता.

मी निवडलं ते मेमरी वाटणाऱ्या कोडची मांडणी नीट करण्याचं काम. कुठल्याही प्रोग्रामला मेमरी लागली की तो कर्नलकडे मागतो, कर्नल देतो, काम झालं की परत घेतो. हे देणं-घेणं सांभाळणारी एकच अवाढव्य फाइल होती. वीस वर्षांत शेकडो जणांनी तिच्यात आपापली भर घातलेली. देण्याचं कोड, परत घेण्याचं कोड, टंचाईत काय करायचं त्याचं कोड, सगळं लग्नघरातल्या चपलांसारखं एकात एक. मी ठरवलं की त्याच्या चार फाइली करायच्या, प्रत्येक गोष्ट तिच्या जागी न्यायची, आणि मशीन चालेल ते मात्र पूर्वीसारखंच. असे सतरा पॅच झाले. प्रत्येकाच्या खाली मी एक वाक्य लिहायचो, या कामात तशी पद्धतच आहे: वागणुकीत काही बदल नाही, फक्त जागा बदलली आहे. त्याखाली माझी सही.

गल्लीत कुणाला कळलं नाही तरी बाबांना हे काम चटकन कळलं. ते महसूल खात्यात कारकून होते. आमच्या वस्तीतून कचेरीत खुर्चीवर बसलेले पहिले. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून ट्रक भरून कागद आले, आणि लाल फडक्यात बांधलेले ते गठ्ठे सोडून, तालुक्यावार लावून पुन्हा बांधायला जी माणसं बसवली, त्यांत बाबा होते. मी हे काम करत होतो त्या उन्हाळ्यात उदगीर जिल्हा होणार म्हणून पेपरात परत चर्चा चालू होती. पेपर खाली ठेवून ते म्हणायचे, "होऊ द्या. पुन्हा गठ्ठे सोडा, पुन्हा बांधा."

एका कारकुनाची गोष्ट ते नेहमी सांगायचे. तालुका कुठला ते सांगायचे नाहीत. त्याला जुन्या नोंदीत शेताची एक हद्द चुकलेली दिसली. नक्कल करता करता त्यानं ती आपल्या अकलेनं दुरुस्त केली. पुढं दोन भाऊ त्या हद्दीवरून म्हातारे होईपर्यंत कोर्टात भांडले. "चूक दिसली तर चुकीसकट हलवायचं," बाबा म्हणायचे. "दुरुस्तीचा अर्ज येगळा. दोन्ही एकदम करायचं न्हाई." मला हे इतकं आवडलं होतं की मेलिंग लिस्टवरच्या एका मोठ्या माणसाला मी ते लिहूनही कळवलं. त्याचं उत्तर आलं की तुझे वडील आमच्यात चांगले शोभले असते.

हे सगळं माहीत असूनही मी जे केलं, त्याला काय म्हणावं ते मला अजून कळत नाही.

घरात तेव्हा दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. निळे ड्रम, बादल्या, कळशी, पातेली, सगळं भरून ठेवायचो. त्यातली एक घागर राखीव. तिच्यावर पालथा तांब्या. पुढचं पाणी दारात आल्याशिवाय त्या घागरीला हात लावायचा नाही, हा आईचा नियम. आई कंधारकडच्या एका कोरडवाहू गावातली. आम्ही लहान असताना, सुट्टीत त्या गावी राहिलो की पाणी लांबच्या विहिरीवरून यायचं, आणि राखीव घागरीतलं पाणी पाहुणा आला तरी मिळायचं नाही. एकदा मी तापानं फणफणलेलो असताना तिच्यातलं मागितलं, तर आईनं शेजारून वाटीभर आणून पाजलं, पण तांब्या उचलला नाही. ती गेल्यावरही आम्ही तो नियम मोडला नाही. नियम म्हणजे नियम, त्याला पोटनियम नसतो, हे माझ्या हाडात मुरलेलं.

कर्नलमध्येही अशीच राखीव मेमरी असते. मेमरी ठरावीक खुणेच्या खाली गेली की कुणालाच द्यायची नाही. मी टंचाईचा भाग नव्या फाइलीत नेत होतो. तिथं एकसारख्या दिसणाऱ्या दोन तपासण्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत एक ओळ जास्तीची होती. एका विशिष्ट कामावर असलेल्याला ही खूण लागू नाही, तो राखीव साठ्यातूनही घेऊ शकतो, असा तिचा अर्थ. ती ओळ मी पाहिली. नजरचुकीनं गेली असती तर बरं झालं असतं, पण मी ती नीट वाचली आणि मला राग आला. म्हटलं, ज्याच्या घरी चोवीस तास नळ धो धो वाहतो, अशाच कुणीतरी ही पळवाट ठेवली असणार. राखीव ते राखीव. दोन तपासण्यांची मी एक केली आणि ती ओळ त्यात घेतली नाही. खाली नेहमीचं वाक्य लिहिलं. फक्त जागा बदलली आहे. सही केली. मनातल्या मनात जरा फुशारलोही.

सतरा पॅच पाठवले. पहिल्या आठवड्यात उत्तरं चांगली आली. एकानं लिहिलं, हे कुणीतरी फार आधीच करायला हवं होतं. मी ते बाबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी चांगल्या हातानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि शेजारच्या काकांना हाक मारून सांगितलं, "पोराचं काम होऊन राहिलंय. आता ह्यो हितंच." मलाही खरं वाटायला लागलं. पश्चिमेच्या खोलीला कूलर बसवावा आणि तिथं टेबल टाकावं, इथपर्यंत मी पोचलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा मेल आला. त्याच्याकडे कमी मेमरीची छोटी छोटी यंत्रं होती, त्यांवर त्यानं माझे पॅच लावून बघितले. टंचाई आली की यंत्र जागच्या जागी थिजतं, राखीव साठा शिल्लक असूनही हलत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. मी कपाटातला जुना लॅपटॉप काढला. मी चाचण्या घेतल्या होत्या त्या भाड्याच्या भल्यामोठ्या मशीनवर, जिथं टंचाई कधी येतच नाही. जुन्या लॅपटॉपवर ती दहा मिनिटांत आली. पडद्यावरचा बाण थांबला, तो थांबलाच.

कारण शोधायला संध्याकाळ लागली नाही. ती ओळ पळवाट नव्हतीच. 'विशिष्ट काम' म्हणजे मेमरी मोकळी करून आणण्याचं काम. कुठल्या प्रोग्रामनं काय अडवून ठेवलंय ते बघायचं, ते डिस्कवर लिहायचं, जागा रिकामी करायची. हे करणाऱ्याला ते करण्यापुरती थोडी मेमरी लागते. मी त्यालाच नाही म्हटलं होतं. त्याला मिळेना म्हणून तो अडला, तो अडला म्हणून काही मोकळं होईना, आणि बाकीचे सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले.

बाबांना सांगितलं. लपवण्यासारखं वाटलं, पण त्या घरात दोनच माणसं, लपवणार कुठं. घागरीचंच उदाहरण दिलं. म्हणालो, आईच्या नियमानं चाललो आणि फसलो.

ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं, तुझी आई त्या घागरीला हात लावत न्हवती?"

"मी बघितलंय बाबा."

"तू झोपेत असायचास. पहाटं पाण्याला निघताना ती त्यातनं तांब्याभर पेऊनच निघायची. रोज. दोन कोस चालून डोक्यावर भरली घागर आणणारी बाई, तिनं कोरड्या नरड्यानं जावं का? आणणाराच रस्त्यात पडला तर तुमाला कोण देणार व्हतं?"

मला आईची आठवण येऊन रडू यायला हवं होतं. आली ती लाज. इतकी वर्षं तिच्या नावानं मी जो नियम मिरवत होतो, त्यातला अर्धाच मला माहीत होता. आणि जो अर्धा माहीत नव्हता, तो कुणीतरी परक्या माणसानं एका ओळीत नीट लिहून ठेवलेला होता, तो मी पुसला.

बाबा पुढं एवढंच म्हणाले, "पर तू हलवून राहिला व्हतास ना? मग बदललं कशाला?"

दुसऱ्या दिवशी ओळ जागेवर बसवली, ती मुद्दाम काढली होती हे लिहून माफी मागितली, सगळे पॅच नव्यानं पाठवले. उत्तर आलं ते त्याच मोठ्या माणसाचं, ज्याला बाबांची गोष्ट आवडली होती. त्यानं रागावून लिहिलं असतं तर भांडता आलं असतं. त्यानं सौम्यपणे लिहिलं की चूक कुणाचीही होते, पण सतरा ठिकाणी काही बदललं नाही असं तू लिहिलंस आणि एका ठिकाणी जाणूनबुजून बदललंस. आता उरलेल्या सोळांतली ओळन् ओळ आम्हाला संशयानं वाचावी लागेल, आणि तेवढा वेळ कुणाकडेच नाही. मी आणखी दोनदा पाठवून बघितले. दोन्ही वेळा कुणी नाही म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी पाऊस मरणाचा पडला. मांजरा भरली, लोक धरण बघायला गाड्या काढून गेले. त्याच सुमाराला दुसऱ्या एकानं तेच काम चार लहान तुकड्यांत पाठवलं आणि ते घेतलं गेलं. चांगलं होतं. कंपनीच्या माणसानं माझा फोन उचलणं बंद केलं. मला बेंगळुरूची नोकरी मिळाली, आधीपेक्षा हलकी. घर क्लासच्या सहा मुलांना भाड्यानं दिलं, त्यांनी आठवड्याभरात भिंतीवर सूत्रं लिहून टाकली. बाबांना घेऊन मी नांदेडच्या गाडीत बसलो. लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी चहा मागितला आणि निम्मा माझ्या हातात दिला.

रविवारी फोन असायचा. दर रविवारी एकच प्रश्न, "ते काम झालं का रे?" मी म्हणायचो, चालू आहे. असे पाच-सहा महिने गेले. एका रविवारी मी फार थकलो होतो, आणि त्यांचा आवाज झटक्यानंतर जो जड झाला होता तो आणखी जड लागत होता. त्यांना एकदा तरी बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "हाव बाबा. झालं." ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मलाही हलकं वाटलं, हे कबूल करतो.

तीन दिवसांनी ताईचा फोन आला. "बाबांनी बॅग भरलीय. एका हातानं भरलीय, मला हात लावू दिला न्हाई. काठी टेकत खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले, पोराचं काम झालं, आता आम्ही लातूरला चाललो म्हणून. सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेत. कधी येतोस न्यायला?"

मी म्हणालो, तूच सांग काहीतरी त्यांना.

ती म्हणाली, "थांब, त्यांनाच देते," आणि पलीकडे त्यांच्या काठीचा आवाज जवळ येऊ लागला. त्यांनी फोन कानाला लावायच्या आत मी तो बंद केला.