साहेबबाबाच्या वाटेवरचे बूट

मालचे सर गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी नववीच्या वर्गात लिटमसचा कागद दाखवत होते. शिपाई दाराशी येऊन डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. तेव्हाच समजलं. आदल्याच आठवड्यात धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात मी त्यांना भेटून आले होते. कावीळ पार विकोपाला गेली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. मला वाटलं, शाळेचं विचारतील, सहामाहीच्या पेपरांचं विचारतील. तर म्हणाले, "बाई, माझे बूट कुठे दिसले का हो?" खाटेखाली ठेवलेले त्यांचे तपकिरी बूट नाहीसे झाले होते. मी वॉर्डबॉयला फैलावर घेतलं, तो बिचारा शपथा घेत राहिला. सरांच्या पत्नी, कमलवहिनी, तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघत होत्या. "इथून चालत जायचंय मला," सर म्हणाले, "आणि अनवाणी नाही..." ते कसे बाहेर पडले, ते आता सगळ्यांना माहीतच आहे. आडवे, आणि अनवाणीच.

धुळ्यातच, देवपूरच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या भिल्ल वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. आमच्या स्टाफरूममधल्या काही सज्जनांना या गोष्टीचं फार कौतुक होतं, इतकं की ते कौतुक सरांच्या तोंडावर वर्षानुवर्षं करत राहिले. सर ऐकून घ्यायचे आणि बुटांना पॉलिश करत बसायचे. ब्रश आणि डबी त्यांच्या कपाटातच असे. एवढं काय त्या बुटांचं, असं मलाही वाटायचं.

दहावीला एक धडा होता. युरोपीय साम्राज्यवादाची कारणे व परिणाम. बाकीचे शिक्षक गाइडातली कारणं ओळीने लिहून द्यायचे, मग परिणाम, आणि घंटा व्हायची. मालचे सर फळ्याच्या मधोमध रेघ मारायचे आणि आधी उजवीकडे 'परिणाम' लिहायचे. "परिणाम तुमच्या अंगणात पडलेत, तिथून मागे चालत जा," म्हणायचे. माझ्या प्रयोगशाळेची भिंत त्यांच्या वर्गाला लागून, त्यामुळे तो धडा मला तोंडपाठ झाला होता. परिणाम काय? तर माझा खापरपणजा चोर ठरला. का ठरला? तर जंगलात लाकूड तोडलं म्हणून. त्याच्याच जंगलात? नाही, जंगल सरकारी झालं होतं. का झालं? रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरना साग लागत होता. रेल्वे कशाला? खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदराला न्यायला. कापूस कशाला? तिकडे अमेरिकेत युद्ध पेटलं आणि विलायतेतल्या गिरण्या उपाशी बसल्या म्हणून. "म्हणजे गिरणी तिथली थांबली," सर खडू खाली ठेवत म्हणायचे, "आणि चोर साक्रीच्या डोंगरात सापडला." मुलं हसायची. सर हसायचे नाहीत. मुख्याध्यापकांनी एकदा समजावून पाहिलं की अहो, रेल्वे आली, शाळा आल्या, चांगलेही परिणाम लिहून द्या, पोरांचे मार्क जातात. सर म्हणाले, "रेल्वेत मीही बसतो, साहेब. खाली लाकूड कुणाचं, एवढंच सांगतो."

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमारास त्यांच्या भाचीच्या लग्नाला मी त्यांच्या गावी गेले. एस.टी.तून फाट्यावर उतरलं की वस्तीपर्यंत पाऊलवाट, आणि वाटेत एका चिंचेखाली चुन्याने रंगवलेला चौथरा. आमच्याबरोबर उतरलेल्या सगळ्यांनी तिथे पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, माना खाली घातल्या आणि चौथरा मागे पडल्यावरच त्या परत घातल्या. मीही वाकून सँडल काढायला लागले. "राहू द्या बाई," सर मोठ्याने म्हणाले, "देव नाही तो. जंगल खात्याचा साहेब आहे." जंगलाची हद्द आखायला आलेला कुणी गोरा साहेब तापाने तिथेच मेला, तिथेच पुरला. त्याचा झाला साहेबबाबा. त्याला नारळ चालत नाही, पाव-बिस्कीट आणि सिगारेट ठेवतात. सर बूट वाजवत चौथऱ्यासमोरून गेले, आणि मागच्या बायकांनी माना आणखी खाली घातल्या.

लग्नाच्या मांडवात एका म्हाताऱ्याने, त्यांना सगळे आबा म्हणत, सरांना धरलंच. "बठ्ठा वाकतस, तूच कसा नही वाकत रे? साहेबबाबा कडक शे."

"आबा, चपला काढानं कोणी सांगं, ते तरी सांगा," सरांनी विचारलं.

"मना आजा सांगे, साहेबना तंबू व्हता तठे. पायमा जोडा ऱ्हायना का चाबूक बसे."

"मंग? साहेब मरना, चाबूक गया. आते कशाले?"

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू शिकून माणूस वेडाच होतो. "आते बाबा शे तो," ते म्हणाले आणि विषय संपला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. हुकूम करणारा मेला, हुकूमही मेला, आणि चाबकाची भीती तेवढी मागे उरली. तिलाच चुना लावून पुजायला बसलेत! मला त्या लोकांचा राग आला, हे खरं आहे. सरांना मात्र यायचा नाही. "त्यांनी चूक काय केली?" ते परतीच्या वाटेवर म्हणाले. "मारणाऱ्याला देव म्हटलं की मार जरा कमी लागतो. पण माझ्या पोरांनी या वाटेने जोडा घालून जावं, एवढं मला बघायचंय. मग मी मेलो तरी चालेल."

ते त्यांना बघायला मिळालं नाही. प्रत्येक सुट्टीत ते गावी जायचे, बुटांना पॉलिश करून जायचे, चौथऱ्यासमोरून सावकाश चालायचे. पोरं आजीचा हात धरून अनवाणीच. एक वर्ष पाऊस कमी झाला तर लोक त्यांच्या बुटांकडे बघायला लागले. एका सोयऱ्याचा बैल मेला तर त्याने बोलणं टाकलं. आणि पंचेचाळिशीच्या आत सर पिवळे पडले, तेव्हा तर काही विचारूच नका. "साहेबबाबानं धरं," असं दवाखान्यात, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून बोलत होते लोक. सरांना ते ऐकू येत होतं. चिडायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात.

दिवसांच्या कार्याला मी गेले. फाट्यावर कमलवहिनी घ्यायला आल्या होत्या. चिंचेपाशी त्यांनी चपला हातात घेतल्या. मी घेतल्या नाहीत. चौथऱ्याकडे बघत, मुद्दाम बघत चालले होते, आणि थांबले. चौथऱ्यावर, अर्धवट जळलेल्या सिगारेटींच्या शेजारी, सरांचे तपकिरी बूट. टाचा जुळवून ठेवलेले. नाडीची गाठसुद्धा त्यांचीच.

"मीच ठेयात ताई," वहिनी म्हणाल्या. "दवाखानामातून उचली लई उनू. म्हनं, बाबा, चुकनं त्यास्नं, बूट तुले ठेव, माणूस माले दे. त्यास्ले काही सांगं नही मी." मग हातातल्या चपला काखेत घट्ट धरल्या, आणि एकदम, कोरड्या डोळ्यांनी, "साहेब कधी आपलं आयकस का, ताई?"

मी बूट उचलायला हात पुढे केला. वहिनींनी माझं मनगट इतक्या जोराने धरलं की बांगडी रुतली. "ऱ्हाऊ द्या. मना पोरेस्ले काही हुई गयं ते?" मी हात मागे घेतला. काय करणार होते? दोन लेकरं त्यांची, माझी नाहीत. साग गेला, डोंगर गेला, नाव चोर पडलं, आणि शंभरावर वर्षांनी त्या साहेबाने माझ्या मित्राचे बूटही ठेवून घेतले. बसल्या जागी, मेलेल्याने.

नवीन शिक्षक येईपर्यंत सरांचे तास माझ्याकडे दिलेत. गेल्या सोमवारी तो धडा आला. कपाटातली पॉलिशची डबी अजून तशीच आहे, उघडली की त्यांचा वास येतो, म्हणून मी उघडत नाही. फळ्याच्या मधोमध रेघ मारली. उजवीकडे 'परिणाम' लिहिलं, आणि त्याखाली पहिलाच शब्द लिहिला, 'बूट'. पोरांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतला. पहिल्या बाकावरच्या मुलीने गाइड उघडून पाहिलं, पान उलटलं, परत पाहिलं.

"बाई, यात हे नाहीये."

"नसणारच," मी म्हटलं. "चला, इथून मागे जाऊ या."