सव्वाशेकाकू

माझ्या काकूला तारीख विचारली की ती दिवस सांगायची. "लगन कधीचं हाये वं?" कुणी विचारावं, आणि हिनं पेरांवर अंगठा फिरवत म्हणावं, "एकशे दहाव्याले." ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी झाली की तिचं साल सुरू व्हायचं आणि सव्वाशेव्या दिवशी घड तोडणीला आले की संपायचं. आमच्या पातूर गावभर तिला सव्वाशेकाकू म्हणत, अगदी तिच्या तोंडावर. ती 'ओ' द्यायची.

संत्र्या-कपाशीच्या मुलखात द्राक्षं लावायचं वेड तिनं नाशिककडच्या एका लग्नातून आणलं. लोक लग्नाहून आहेर घेऊन येतात, ही बाई थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची कलमं घेऊन आली! "या उन्हात तुया मनुका होतील," म्हणून भावकी हसली. ती मात्र ज्याला त्याला कलम दाखवत सुटली. "खालची मुळी रानवट, थे तहान सोसते. वरती थॉम्पसन, थे गोडी देते. बिनबियाचं हाये, म्हनून काडीपासूनच वाढवा लागते." काका गेल्यावर एक एकराचा तो द्राक्षांचा मांडव तिनं एकटीनं सांभाळला. मूलबाळ नव्हतं. मी पुतणी, अमरावतीला शाळेत शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत हटकून तिच्याकडे असायची.

तिच्या तोंडून वेल ऐकावी! घडाच्या जागी कधीकधी नुसती तारेसारखी बाळी निघते. ती म्हणायची, "बाळी आन घड सख्खे भावंडं हायेत, पोरी. पोट भरलं तं घड, उपाशी रायलं तं बाळी." आणि दुसरं तिचं नेहमीचं, "घड ऑक्टोबरात लागत नायी. थो उन्हाळ्यातच काडीच्या डोयात येऊन बसते. आपन फकस्त दार उघडतो." हे मी दहा वर्षं ऐकलं. ऐकलं म्हणजे काय, या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्याला तिला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. पोटातलं दुखणं फार पुढं गेलं होतं. दर ऑक्टोबरात छाटणीला येणारी नाशिककडची माणसं त्या साली आली नाहीत. काकूनं मला विचारलं, "तुले येते ना वं छाटनी?" मी म्हटलं, "म्हणजे काय काकू! इतकी वर्षं काय झोपा काढल्या?" तिला हायसं वाटलं.

मी सुट्टी टाकली, दोन बाया हाताशी घेतल्या आणि चार दिवसांत मांडव उरकला. प्रत्येक काडीवर एकच डोळा, कोंब फुटायची एकच जागा ठेवली, कसं सुबक! एप्रिलात, नव्या काड्या फुटाव्यात म्हणून, काकू तशीच छाटायची. आणि मी आजवर पाहिली होती ती फक्त एप्रिलचीच छाटणी. उन्हाळ्यात वाढत्या काडीचा शेंडा खुडला की तिथं गाठ येते, घडाचे डोळे त्या गाठीपाशी असतात, म्हणून ऑक्टोबरात काडी लांब राखायची असते. घडाचे सगळे डोळे मी माझ्या हातानं कापून बांधावर फेकले होते. वेली फुटल्या, हिरव्यागार झाल्या, आणि मांडवभर बाळ्याच बाळ्या. मी मांडवाखाली मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

"घड लागले का वं?" काकूनं फोनवर विचारलं.

"लागले, काकू."

ती इतकी खूश झाली की तिनं नर्सबाईला बोलावून सांगितलं. मग दर फोनला मी घड वाढवत नेले. आग लागो माझ्या जिभेला!

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी हात टेकले. मला राहवेना. अकोल्याच्या बाजारातून शोधून शोधून थॉम्पसन घेतली, घरच्या टोपलीत मांडली आणि तिच्यापुढं ठेवली. "काकू, आपली पहिली तोड." तिनं एक मणी तोंडात घातला. अंगठा पेरांवर फिरू लागला. फिरता फिरता मध्येच थांबला. मग तिनं मूठ मिटली.

"गोड हायेत," ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे तिनं टोपली सरकवली. "घ्या बाई, आमच्या वावरातले हायेत. माया पोरीनं पिकवले."

मी निघाले तेव्हा तिनं हात धरून ठेवला. आवाज अगदी खोल गेला होता. "एप्रिलमधी एकच डोया ठेवजो. आन ऑक्टोबरात गाठीच्या वरती कापजो, पोरी. वेल राग धरत नायी." जिना उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी छाटणीला जेमतेम नव्वद दिवस झाले होते. आमची द्राक्षं असती, तर गारेसारखी टणक नि आंबट असती. हे मी विसरले होते. सव्वाशेकाकू कशी विसरेल?

आठवड्यानं ती गेली. तिच्याजवळ खरं बोलायचं राहूनच गेलं. माफी मागायचीही राहिली.

एप्रिलात एक डोळा ठेवला. ऑक्टोबरात प्रत्येक काडीची गाठ बोटानं चाचपून तिच्या वर कात्री लावली. विसाव्या दिवशी पानाआडून घड डोकावले. त्या दिवसापासून मीही पेरांवर मोजते. शाळेत पोरं हसतात, हसू देत. काल सव्वाशेवा होता. पहिला घड तोडला, तिच्या त्याच टोपलीत ठेवला आणि मांडवाखाली कुणी नसताना मोठ्यानं म्हणाले, "लागले, काकू. यंदा खरंच लागले."