भागिरथाबाईला दिसलेली माय

कामरगावहून जीपनं त्या तांड्यावर उतरलात आणि भागिरथाबाईचं घर विचारलंत, तर लोक आधी तुम्हाला वरून खालपर्यंत न्याहाळतील. मग म्हणतील, "कौल विचाराले आले काय? ते बंद झालं बापा." कसं बंद झालं, ते मात्र कोणी धड सांगायचं नाही. मी सांगतो.

तांड्यावर चार घरं कॅथलिक. भागिरथाबाईच्या सासऱ्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासूनची. चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. फादर कारंज्याहून महिन्यातून एकदा मिस्सेच्या उपासनेला येतात, बाकीचे रविवार ख्रिस्तमातेची जपमाळ भागिरथाबाईच चालवते. बाई विधवा, आवाज खणखणीत. जप चालू असताना कोणी जांभई दिली, तर मणी तिथंच थांबवून विचारते, "मातेपुढं तोंड फाडून राह्यली काय व?"

तिचा मुलगा हरिसिंग दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. मागं राहतात त्या तिघी: ती, सून रूपला आणि नात अंजू. अंजूला मिरगी. दवाखान्याची गोळी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागते, ती रूपला देते. घेतली तर पोरगी शाळेत जाते, भांडते, हुंदडते. तरी कधीमधी झटका यायचाच. भागिरथाबाईचा सगळा जीव त्या पोरीत अडकलेला.

तुरी कापायचे दिवस होते. दुपारी भागिरथाबाई शेतात एकटीच. आदल्याच दिवशी अंजू हापशाजवळ पडली होती आणि म्हातारीच्या डोक्यातून ते जात नव्हतं. विळा थांबवून तिनं मान वर केली, तर बांधावर एक बाई उभी. डोक्यावर पदर, कडेवर लेकरू. बोलली तेही तांड्याच्याच बोलीत. म्हणाली, "नातीची काळजी करू नको. ते माह्यापाशी हाय." भागिरथाबाईनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं, तर बांध रिकामा. ती कापलेल्या तुरीवर बसून पोटभर रडली.

हे तिनं मनात ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवस मावळायच्या आत तांडाभर झालं. पहिल्या घरी 'पोरगी माह्यापाशी हाय' होतं, ते शेवटच्या घरापर्यंत 'पोरगी बरी होणार' होऊन बसलं. मग लोक नारळ घेऊन यायला लागले. मालेगावचे दोघं मोटारसायकलवर आले, आपल्या पोरीचं लग्न कधी जमेल ते विचारायला. भागिरथाबाई म्हणायची, मी काही भगत नाही. म्हणायची, पण उठून कोणाला जा म्हटलं नाही. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाई चढली. तिला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

आता तांड्याची जुनी रीत अशी की एकदा कौल मिळाला की त्यावर दुसरा उपाय करायचा नाही. केला तर कौल उलटतो. चार घरांवर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं खरं, पण ही समजूत काही त्यानं धुऊन निघाली नव्हती. आपल्या बोलण्याला कोणी ती रीत लावील, हे भागिरथाबाईला सुचलंही नाही.

फादर आले. मिस्सा झाल्यावर तिनं त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ते आता बिशपांना कळवतील, बांधावर क्रूस उभा राहील. फादर शांतपणे ऐकून म्हणाले, "देवाला आपल्या तारणासाठी जे सांगायचं होतं, ते त्यानं ख्रिस्तामध्ये पूर्ण सांगितलं. त्यात भर पडत नाही. असं दर्शन कोणाला झालं, तर ख्रिस्तसभा ते पारखते. मान्य केलं तरी ते मानलंच पाहिजे, अशी कोणावर सक्ती नसते."

"म्हंजे मले दिसलं ते खोटं?"

"तसं मी म्हटलं नाही. तुमच्या मनाला त्यानं धीर दिला ना? तो जपा. पण त्याचा हुकूम करून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नका."

भागिरथाबाई फुगून घरी निघाली. एवढी आयुष्यभर जपमाळ ओढली, आणि हेच ऐकायला मिळालं? अंगणात पाहते तर अंजू जमिनीवर, तोंडाला फेस, हातपाय ताठ. रूपला बाजूला हात जोडून बसलेली. नारळवाल्या बाया भिंतीशी उभ्या, त्यात शेजारची गोमतीबाई पुढं. भागिरथाबाईनं पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी दिली. झटका ओसरला.

"गोळी देली नाई काय सकाळी?"

"कायले देऊ याडी?" रूपला म्हणाली. सासूला ती याडीच म्हणते, म्हणजे आई. "मातेनं सांगतलं त्या दिवसापासून बंद केली. कौलावर औषध चालते काय?"

अंजू हळूहळू शुद्धीवर आली, उठून बसली, पाणी मागू लागली. भागिरथाबाईनं आत जाऊन गोळी आणि पाण्याचा पेला आणला.

रूपला दारात आडवी आली. "तुमी खोटं बोलल्या काय मंग?"

हो म्हटलं असतं तर एका शब्दात सुटका होती. पण तेही खोटंच झालं असतं. "नाई व. मले दिसलं. मरेपर्यंत म्हनीन, दिसलं. पन ते माह्या जीवाले धीर देयाले होतं, तुह्यावर हुकूम नोहोता. मी अडानी, लोकायले कौल करू देला."

"मातेचा शब्द मोडून राह्यल्या तुमी," गोमतीबाई म्हणाली. "उलटला तं?"

म्हातारीला तीच भीती होती. "उलटला तं माह्यावर उलटू द्या. उद्या हिले कारंज्याले दवाखान्यात नेतो."

बायांनी आपापले नारळ उचलले आणि वाटेला लागल्या. रूपला दारातून हलली नव्हती. "आता हे बरी झाली, तं कोनं केली, कसं कळन?"

"नाई कळलं तं नाई कळलं," भागिरथाबाई म्हणाली. "मले पोरगी पायजे."

रूपलाच्या बाजूनं अंगणात येऊन तिनं गोळी अंजूच्या जिभेवर ठेवली आणि पेला तोंडाला लावला. घाईत पेला जास्तच कलला आणि पाणी पोरीच्या झग्यावर सांडू लागलं. रूपला पाहत राहिली. मग पुढं येऊन तिनं सासूच्या हातातला पेला काढून घेतला.

"द्या इकडं, मी पाजतो," ती म्हणाली.