न पाहिलेल्या घराचं वर्णन

चैत्राच्या दुपारी कडुनिंबाला मोहर आला की त्याचा कडवट, काहीसा औषधी गंध हवेत तरंगत राहतो; वारा पडला की नाहीसा होतो आणि आपण त्याला विसरलो असं वाटत असतानाच हलकेच परत येऊन श्वासात मिसळतो. कोथरूडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, त्या गंधाच्या सोबतीनं मी पंचेचाळिशी उलटल्यावर नव्यानं लिहायला शिकले. त्याआधी मी शाळेत मराठी शिकवत होते. शाळेनं मराठी माध्यमाचे वर्ग एकेक करत मिटवत आणले, आणि शेवटचा वर्ग गेला तेव्हा मला पुष्पगुच्छ देऊन अतिशय शुद्ध मराठीत निरोप दिला. मग कुणीतरी म्हणालं, हल्ली कंटेंट रायटर लागतात आणि बरं मराठी लिहिणारं माणूस मिळत नाही. त्या वाक्यानं मला झालेला आनंद आठवला की आज जीभ कडू होते.

कार्यालय चालवणारी केतकी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. हुशार, मनानं चांगली, सतत घाईत. तिनं मला खिडकीशेजारचं टेबल दिलं आणि पहिल्याच आठवड्यात माझा एक परिच्छेद वाचून ती म्हणाली, "ताई, तुमचं मराठी फारच भारी आहे. पण लोक थांबत नाहीत हो. स्क्रोल करत जातात. पहिल्या दोन ओळींत पकडायचं त्यांना." आयुष्यभर मुलांना मी थांबायला शिकवलं होतं, एका शब्दापाशी, एका प्रतिमेपाशी, वर्गाबाहेर चाललेल्या पावलांच्या आवाजाकडे दुर्लक्ष करून थांबायला. आता पळणाऱ्यांच्या मागे धावत जाऊन त्यांची बाही ओढायची कला मला शिकायची होती.

ती मी शिकले. लेख, निबंध, टिपण, वर्णन, मजकूर अशा शब्दांना आपापले चेहरे होते. त्या सगळ्यांना इथे 'कंटेंट' हे एकच नाव होतं, निरनिराळ्या धान्यांना पीठ म्हणावं तसं. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, ते आपल्या शब्दांत मांडायचं, आणि लोक गूगलवर जे शब्द शोधतात ते मधूनमधून त्यात पेरायचे, हा त्या कामाचा गाभा. मी न पाहिलेल्या फरशांच्या थंडाव्याविषयी लिहिलं, न चाखलेल्या लोणच्यांच्या चवीविषयी लिहिलं, कधीही पाऊल न टाकलेल्या दवाखान्यांतल्या प्रेमळ डॉक्टरांविषयी लिहिलं. सुरुवातीला लाज वाटायची. मग हळूहळू, उन्हाळ्यात माठाच्या पोटावर ओल यावी तशी, मनावर एक सराईतपणाची ओल आली. खरं सांगायचं तर मला ते जमू लागलं होतं, आणि जे जमतं त्याचा माणसाला लोभ सुटतो.

अशातच ज्येष्ठांच्या निवासाचं काम आलं. शहराच्या पश्चिमेला, वस्ती विरळ होत जाते तिथे कुणीतरी वृद्धाश्रम काढला होता आणि त्याच्या वेबसाइटसाठी मजकूर हवा होता. मालकांची अट एकच होती, वृद्धाश्रम हा शब्द कुठे दिसता कामा नये. अडचण अशी की लोक शोधतात तो नेमका तोच शब्द. केतकीनं तोड काढली. तो शब्द वाचणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही, पण गूगलला सापडेल, अशा जागी घालायचा. मी म्हटलं, "एकदा जाऊन पाहून येऊ का?" ती म्हणाली, "ताई, फोटो आहेत ना. उद्या द्यायचंय." फोटोंत नव्या रंगाच्या भिंती होत्या, एकाच रंगाच्या चादरी होत्या, आणि रिकाम्या खुर्च्या होत्या. माणसं कुठेच नव्हती.

मग माणूस मी माझ्याकडचा घातला. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या माझ्या वडिलांची सकाळ मी त्या रिकाम्या खुर्च्यांवर आणून बसवली. खिडकीच्या कट्ट्यावर उघडलेलं वर्तमानपत्र, आल्याच्या चहाची वाफ, दूरच्या देवळातली घंटा, उन्हाचा एक पट्टा हळूहळू पायांवर सरकत येणं. कार्यालयाच्या खिडकीबाहेरचा कडुनिंबही मी त्या अंगणात नेऊन लावला. आणि सर्वांत वर लिहिलं, 'इथे सकाळ कुणाला उठवत नाही; ती येऊन उशाशी बसते.' केतकीनं ते वाचलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "ताई, काटा आला अंगावर." मालकांनाही ते इतकं आवडलं की ते वाक्य मोठ्या अक्षरांत त्यांच्या पहिल्या पानावर झळकलं. त्या दिवशी घरी जाताना मी चाफ्याची फुलं घेतली होती. नवख्या माणसाला पहिली शाबासकी मिळाली की तो जसा चालतो, तशी मी चालत होते.

कार्तिकात, दिवाळीचे आकाशकंदील उतरत असताना बाबा जिन्यात पडले. मांडीचं हाड मोडलं, ते जोडलं गेलं, पण इस्पितळातून त्यांना उचलूनच वर आणावं लागलं, आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्यानं राहणं आता शक्य नव्हतं. बाबा सरकारी कचेरीत होते. सगळी नोकरी त्यांनी फायलींवर टिपण्या लिहिण्यात घालवली आणि एकही शब्द वायफळ लिहिला नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान होता. लहानपणी माझे निबंध ते तपासत आणि निम्मे करून परत देत. आई गेल्यावर त्यांनी बोलणंही तसंच निम्मं केलं होतं.

एका रविवारी दादा आणि मी कसब्यातल्या खोलीत त्यांच्यापाशी बसलो. दादाच्या घरी दिवसभर कुणी नसतं. वहिनीची नोकरी दूर, मुलं क्लासमध्ये. माझ्या दोन खोल्यांपैकी एकीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. तरी मी म्हटलं, "बाबा, माझ्याकडे चला." बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुठे, सासूबाईंच्या पायथ्याशी?" त्यात टोमणा नव्हता, त्यांनी फक्त खोली मोजली होती. आणि मला वाटलेली सुटका माझ्या चेहऱ्यावर उमटू नये म्हणून मी खाली बघत राहिले.

दादानं मोबाइल काढला. "बाबा, मी एक जागा शोधलीय. आधी ऐका, मग नाही म्हणा," असं म्हणून तो मोठ्यानं वाचू लागला. त्याच्या जरा घोगऱ्या, प्रामाणिक आवाजात माझं वाक्य त्या खोलीत आलं, जिथून मी ते उचललं होतं त्या खोलीत. समोर तोच कट्टा होता, त्यावर तेच वर्तमानपत्र, आणि उन्हाचा पट्टा बाबांच्या प्लॅस्टर काढलेल्या, बारीक झालेल्या पायावर. दादा वाचत गेला तसा त्याचा आवाज ओलावत गेला. शेवटी तो म्हणाला, "बघा ना, ज्यानं हे लिहिलंय त्याला म्हातारी माणसं कळतात." मी कट्ट्यावरच्या वर्तमानपत्राची उगाच घडी घातली.

बाबांनी हात पुढे केला, मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं. सावकाश, फाइल वाचावी तसं. मग तो परत देत दादाला म्हणाले, "माझ्या गोळ्या संपल्यात. कोपऱ्यावर मिळतील बघ." दादा उठून गेला. जिन्यात त्याची पावलं विरली.

"बाबा, हे मी लिहिलंय," मी म्हटलं. "मी ती जागा पाहिलेलीसुद्धा नाही."

"कळलं मला," बाबा म्हणाले. "हल्ली इतका नेमका अर्धविराम कोण देतं? तो मीच शिकवला होता तुला."

"मग दादाला सांगते मी. आपण दुसरं काहीतरी बघू."

"काही सांगू नकोस." त्यांनी चष्मा पुसून मिटला. "पडल्यापासून झोप उडालीय त्याची. आज पहिल्यांदा त्याला बरं वाटतंय. वाटू दे."

मी रडू लागले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझं रडणं ओसरेपर्यंत थांबून म्हणाले, "लिहिलंयस चांगलं. फक्त विशेषणं जास्त झालीत."

पौषातल्या थंडीत आम्ही त्यांना तिथे सोडायला गेलो. जागा वाईट नव्हती, हे मला लिहायलाच हवं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. फरशी लख्ख होती, माणसं सौम्य बोलत होती, फिनेलचा वास नाकात गेला तरी तो स्वच्छतेचाच होता. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवलेले होते आणि एकही झाड नव्हतं. पहाटे सगळ्यांना उठवण्यासाठी ओसरीत कर्णा लावला होता. मालक हसतमुखानं सामोरे आले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. "वेबसाइट वाचून आलात ना? वाचून बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी येतं," ते म्हणाले. दादानं मान हलवली. बाबांनी अंगणावरून एक शांत नजर फिरवली. ते झाड शोधत होते, की मला चिडवत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

परतताना गाडीत दादा म्हणाला, "शुभा, सुटलो गं आपण." आणि लगेच स्वतःच्याच शब्दाला दचकून त्यानं रेडिओ लावला.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर ही गोष्ट अधिक बरी झाली असती. पण सासूबाईंची औषधं होती, मुलीचं कॉलेज होतं, आणि दुसरं काही मला येत नव्हतं. फाल्गुन सरता सरता केतकी म्हणाली, त्या निवासाच्या पानावर राहणाऱ्यांचे अभिप्राय हवे आहेत. मी तिला सांगितलं, माझे वडील तिथेच असतात. ती क्षणभर गोंधळली. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि मग, बिचारी, म्हणाली, "मग तर फारच बरं. बाबांकडूनच घेऊ या का एक?"

बाबांना मी विचारलं तेव्हा ते संध्याकाळच्या उन्हात, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी बराच विचार केला. मग कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "लिही. येथे सर्व काही वेळेवर होते." मी वाट पाहिली. ते म्हणाले, "झालं. खाली नाव घाल. पूर्ण."

केतकीला ते वाक्य मी जसंच्या तसं दिलं. "ताई, थोडं इमोशनल करता येईल? तुम्ही करू शकता," ती म्हणाली. करू शकले असते. दोन परिच्छेद माझ्या बोटांत तयार होते, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. मी नाही म्हटलं. कामाला लागल्यापासून मी तिला दिलेला तो पहिला नकार होता, आणि तिनं तो निमूट मानला.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. आपण होऊन ते कधी फोन करत नसत. जेवण, औषधं, दादाची मुलं असं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, आवाज मुद्दाम कोरडा ठेवून त्यांनी विचारलं, "ते आलं का पानावर?"

"आलं बाबा. नावासकट."

"कुणी वाचलं असेल का?"

सगळी नोकरी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी टिपण्या लिहिणाऱ्या त्या माणसाचं नाव एका वाक्याखाली पहिल्यांदाच छापून आलं होतं, आणि त्यांच्या आवाजात एक लाजरी, नवखी उत्सुकता होती. ते नाव कोणत्या पानावर होतं हे त्यांना पुरतं माहीत होतं. तरी ती होती.

तेव्हापासून ते अधूनमधून फोन करतात आणि एखादं वाक्य सांगतात. आधी काही नाही, नंतर काही नाही, फक्त वाक्य. 'इथल्या आमटीला स्वतःचं मत नाही.' 'टीव्ही कुणीच बघत नाही, पण बंद केला की सगळे वर बघतात.' मी ऐकते आणि ती कुठेच लिहून ठेवत नाही, विसरतही नाही. परवा, झेरॉक्सच्या यंत्राचा आवाज खालून येत असताना, त्यांचा फोन आला.

"शेजारचे गृहस्थ मुलगा यायच्या दिवशी सकाळपासून बूट घालून बसतात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हे कुठे घालता येईल तुला?"

"कुठेच नाही, बाबा," मी म्हटलं.

"मग राहू दे तुझ्याजवळ," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.