द्राक्षांना नमस्कार

इंदुताईंनी नया बाजारच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला. ब्राझील आला की फळ्यावर 'कॉफी' लिहून त्या मोकळ्या होत. तिथे द्राक्षंही पिकतात हे त्यांना सत्तरी गाठल्यावर, स्वतः तिथे गेल्यावर कळलं. त्याची चुटपुट त्यांना अजून आहे.

ग्वाल्हेरच्या एका मैत्री मंडळाच्या त्या सभासद. ही मंडळी परदेशात हॉटेलात उतरत नाहीत, लोकांच्या घरी राहतात आणि मग त्यांना आपल्या घरी बोलावतात. पती गोपाळकृष्ण गेल्यावर मुलाने फारच आग्रह केला, म्हणून इंदुताई निघाल्या. ब्राझीलमधल्या बेंतो गोन्साल्विस नावाच्या डोंगराळ गावात त्या लूर्देसबाईंकडे उतरल्या. बाईंचे पणजोबा इटलीहून आलेले. घरात अजून जी जुनी बोली चाले तिला इटलीतले नातेवाईक हसतात, असं मंडळाबरोबरच्या दुभाष्याने सांगितलं, आणि इंदुताईंचा त्या घरावर जीवच जडला. पुण्याच्या नणंदेने त्यांच्या ग्वाल्हेरी मराठीला काय कमी हसून घेतलं होतं?

अडलं ते जेवणाच्या टेबलावर. लूर्देसबाई रोज घरच्या वाइनचा पेला पुढे करत आणि इंदुताई रोज हात जोडत. पुरोहितांचं घराणं, दारूचा थेंब कुणाच्या ओठाला लागलेला नाही. गोपाळकृष्ण अधूनमधून मुरार छावणीतल्या लष्करी मित्रांकडे जात, पण त्याची चौकशी इंदुताईंनी कधी केली नाही. पेला उचलून नेताना लूर्देसबाईंचा चेहरा उतरे. आपल्याकडे कुणी प्रसादाला नाही म्हटलं तर कसं वाटेल, हे इंदुताईंना कळत होतं. जीव तुटायचा, पण हात काही पुढे व्हायचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी द्राक्षं तुडवायचा सोहळा होता. मोठ्या लाकडी पिंपात द्राक्षं भरलेली, आणि पाहुण्यांनी पाय धुऊन त्यात उतरायचं. बाकीचे हसतखिदळत उतरले. इंदुताई काठाशीच थबकल्या. खाण्याच्या वस्तूला पाय लावायचा? शेवटी त्यांनी वाकून द्राक्षांना हात लावला, तो कपाळाला नेला, पुटपुटत क्षमा मागितली आणि मगच पाऊल टाकलं. लूर्देसबाई बघतच राहिल्या. मग त्यांनीही तसाच हात कपाळाला नेला, झगा खोचला आणि इंदुताईंचा हात धरून आत उतरल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सावरत पोट दुखेपर्यंत हसल्या.

"या पिंपाची वाइन वेगळी ठेवीन," लूर्देसबाईंनी दुभाष्याकरवी सांगितलं. "ग्वाल्हेरला घेऊन येईन. तेव्हा तरी घ्याल?"

इंदुताई हो म्हणून बसल्या. एवढ्या लांबून येतंय कोण, असं मनात.

घरी परतल्यावर मात्र त्यांना त्या पिंपाशिवाय दुसरं सुचेना. इंदरगंजच्या चौकात भाजी घेतानाही द्राक्षं दिसली की त्या भाजीवालीला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगत. यंदा थंडीत लूर्देसबाईंच्या घरून पाहुणी येतेय असा निरोप आला, तेव्हा त्यांनी स्वतः उशांचे अभ्रे बदलले.

आली ती त्यांची मुलगी, तेरेझा. आई गेल्या वर्षी गेली, असं मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आणि कपड्यांत गुंडाळलेली त्याच पिंपाची बाटली तिने काढली. इंदुताईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या मनसोक्त रडल्या.

जेवताना तेरेझाने पेला भरायला घेतला. सून सीमंतिनीने सासूकडे पाहिलं.

"आई, राहू द्या ना. इनको बुरा नहीं लगेगा."

इंदुताईंनी पेला बाजूला सरकवला. तेरेझाचा चेहरा थेट आईसारखा उतरला. इंदुताई उठल्या, देवघरातली पळी घेऊन आल्या, तिच्या हातात दिली आणि तीर्थाला करतात तसा उजवा हात पुढे केला. तेरेझाने पळीभर वाइन त्यात ओतली. ती घेऊन इंदुताईंनी ओला हात डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला.

"कशी आहे?" सीमंतिनीने हळूच विचारलं.

"आंबट," इंदुताई म्हणाल्या, आणि हात पुन्हा पुढे केला.